तुझ्या जागेवरची बदली

सुवर्णा,

तू गेलीस आणि रडू यायच्या आधी मला राग आला. गर्दीचा राग. गोडादऱ्याच्या आपल्या गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. मी जन्मात न पाहिलेली माणसं तुझ्या दारात डोळे पुसत उभी होती. दूधवाला रडत होता. तुझा दूधवाला तोच माझाही दूधवाला. मी गेले तर तो दुसऱ्या दिवशी एक पिशवी कमी टाकेल, बस.

गेलेल्या माणसाला असं लिहायचं नसतं, ठाऊक आहे मला. पण तुझ्याबद्दल चांगलं बोलणाऱ्यांची रांग एवढी लांब आहे की माझा नंबर यायला वेळ लागेल. तोवर खरं काय ते सांगून टाकते. मला तुझा हेवा वाटतो. वाटायचा असं लिहिणार होते, पण ते खोटं झालं असतं. तू भिंतीवर हार घालून बसली आहेस आणि मला अजून तुझा हेवा वाटतो.

सुतक फिटलं त्या दिवशी, गंधमुक्तीला, ध्रुवी आली होती. आपल्या ऑफिसात सगळ्यांच्या शेवटी लागलेली ध्रुवी. पांढरा ड्रेस घालून आली ती थेट काकूंजवळ जाऊन बसली, आणि तुझ्या आईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. मी दारात उभी होते. काकूंचं लक्ष माझ्याकडे गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, "वैशाली, माय, च्या ठेव ना वं. लोके ई ऱ्हायनात." लोक येतायत, चहा ठेव. मी ठेवला. साखरेचा डबा, आल्याची खिसणी, मोठं पातेलं, सगळं मला न विचारता सापडलं. पण ती मांडीवर आणि मी गॅसपुढे, हे काही मला पचलं नाही.

आणि तुला माहीत आहे मी कशानं पेटले होते. तू ऑपरेशनला जायला निघालीस तेव्हाची गोष्ट. आपले मालक भरतभाई तुझ्या टेबलापाशी आले आणि त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "सुवर्णाबेन, वॉचमन कोने सोंपीने जशो?" तुझा वॉचमन, मिलच्या मशिनांवर नजर ठेवणारा, तू इतकी वर्षं सांभाळलेला प्रोग्रॅम, कोणाकडे देऊन जाणार? मी तिथेच होते. तुझ्यासाठी आणलेली डाळिंबांची पिशवी माझ्या हातात होती. शाळेपासून तुझ्या बाकावर बसणारी, तुझ्या प्रोग्रॅमची ओळ न् ओळ पाठ असणारी मी समोर उभी, आणि तू क्षणभरही विचार न करता म्हणालीस, "ध्रुवी."

मी डाळिंबं ध्रुवीच्या टेबलावर आदळली आणि घरी गेले.

आपलं दोघींचं सगळं कुठून सुरू झालं ते आठवतंय का? मी सांगते. ते आपल्या बापांपासून सुरू झालं. तुझे बा, म्हणजे भिकनकाका, आणि माझे आबा एकाच शेडमध्ये कापड विणायची मशिनं चालवायचे. दोघं अमळनेरकडचे, दोघं एकाच खोलीत राहिलेले, पुढे बायकापोरं आणली तीही शेजारी शेजारी. काकांचा हात तेज. आबांचा हळू. धागा तुटून मशीन थांबलं की काका गाठ मारून पुढच्या मशीनकडे गेलेले असायचे, तेव्हा आबांचं नुसतं टोक सापडलेलं असायचं. आखाजीच्या सणाला किंवा कुणाच्या लग्नाला गावी जायचं असलं की आपल्या जागेवर बदली आपणच शोधून द्यायची, ही शेडची रीत. काका दर वेळी आमच्या दारात येऊन म्हणायचे, "किसन, गावले जाई ऱ्हायनू. मनी जागावर उभा ऱ्हाशी का?" आबा हसत हो म्हणायचे.

मला लहानपणी याचा अभिमान वाटायचा. काका आपल्या आबांनाच बोलावतात, शेडमध्ये एवढी माणसं असून! एकदा मी आबांना तसं म्हटलं, तर ते पोट धरून हसले. "बदली हळू हातना ठेवाना ऱ्हास, पोरी. तेज हातना ठेवा तं शेठ त्यालेच ठी लेस. मंग आपुन परत कथा येवानं?" हळू हाताचा ठेवला की जागा शाबूत राहते, तेज हाताचा ठेवला की शेठ त्यालाच ठेवून घेतो आणि आपण परत यायचं कुठे? आबांना यात काहीच लागत नव्हतं. मला लागलं. दुसऱ्या दिवशी तू माझ्या वेणीचं रिबन ओढलंस तेव्हा मी तुला अशी चापट मारली की तुझ्या गालावर बोटं उठली. का मारलं, तुला कळलं नाही. आज सांगते, रिबनसाठी नव्हतं ते.

आबांचा आणखी एक नेम होता. बदली म्हणून उभं राहिलं की दुसऱ्याच्या मशीनवर काही बदलायचं नाही. काका पान्हा डावीकडे ठेवायचे, आबांना उजवीकडे सोयीचा. तरी आबा काकांच्या मशीनवर असले की पान्हा डावीकडेच. एक बोल्ट जरा जास्त ढिला आहे असं त्यांना वाटायचं, पण तो त्यांनी कधी आवळला नाही. काका आले की सांगायचे, ढिला आहे रे. काका म्हणायचे, राहू दे. मग तो ढिलाच राहायचा. मला हे भित्रेपणाचं वाटायचं. आवळून टाकायला काय झालं, असं मी आबांना विचारायची. ते म्हणायचे, मशीन त्याचं आहे.

मग आपण मोठ्या झालो, कॉम्प्युटर शिकलो. तुला आधी नोकरी लागली. तू भरतभाईंना सांगून मला तिथे चिकटवलंस. हे मी विसरले नाही, कारण कोणी विसरूच दिलं नाही. लग्न तू केलं नाहीस, मी केलं. त्या एका बाबतीत तरी मी पुढे आहे असं मला वाटलं होतं, तर माझा नवराच जेवताना म्हणायचा, "सुवर्णाचा आवाज कधी चढत नाही बघ." मी त्याला वांग्याची भाजी वाढायची बंद केली होती काही काळ.

तुला सगळं समजावून सांगायला यायचं, तीही माझी एक दुखरी जागा. काकांना आपलं काम काय ते कळेना, तेव्हाची संध्याकाळ मला स्वच्छ दिसते. मशिनांच्या आवाजानं काकांचे कान गेलेले, म्हणून तू त्यांच्या पायाशी बसून मोठ्यानं सांगत होतीस. शेडमधल्या प्रत्येक मशीनवर एक डबी बसवली आहे. ती सारखी सांगत असते, मी चालू आहे, एवढं कापड निघालं. इकडे आमच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक डबीचं ऐकायला एकेक जण बसवलेला. त्याला थ्रेड म्हणतात.

"म्हंजे एक मशीनले एक माणूस?" काका म्हणाले.

"हा बा. त्याले काम एकच, कान दीसन बसानं."

"आन तो जपी गया तं?"

तो झोपला तर. तू माझ्याकडे वळून हसलीस, कारण आपण दोघी त्या वेळी नेमक्या त्याच प्रश्नात अडकलो होतो. भरतभाईंना जे कळायला अख्खी मीटिंग लागली ते काकांनी चहाचा कप खाली ठेवायच्या आत विचारलं. त्याचंही श्रेय, अर्थात, तुझ्या समजावण्याला गेलं. आणि मिलमध्ये कुणी ना कुणी तो विनोद करायचंच, थ्रेड म्हणजे धागा, तुम्हीपण आमच्यासारखे धागेच जोडता की! मी वैतागायची. तू दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखी हसायचीस. म्हणून त्यांना तू आवडायचीस आणि मी म्हणजे तुझ्याबरोबर येणारी ती दुसरी.

कडोदऱ्याच्या शेडमध्ये आपण गेलो होतो तो दिवस घे. एक ओडिया कारागीर स्क्रीनपुढे उभा होता, हातांना कापसाचे तंतू चिकटलेले. "मॅडम, हमारा मशीन तो चल रहा है. इसमें बंद काहे दिखाता है?" त्याचं मशीन खडखडत होतं, कापड निघत होतं, आणि आपल्या स्क्रीनवर ते सकाळपासून बंद. त्याच्या डबीचं ऐकणारा थ्रेड कधीतरी मरून पडला होता, आणि कुणाला पत्ता नव्हता. त्या माणसाचं दिवसभराचं कापड मोजलंच गेलं नव्हतं. तू त्याची माफी मागितलीस. मी तोंड फिरवून उभी राहिले, कारण मला रडू येत होतं आणि ते मला कुणाला दाखवायचं नव्हतं.

परत येताना शटल रिक्षात चलथाणच्या साखर कारखान्याचा मळीचा वास येत होता, तू नाकाला ओढणी लावली होतीस आणि म्हणत होतीस की प्रत्येक थ्रेडनं बिघाड झाल्यावर तो कळवायला हवा. मी ओरडले, "अगं, मेलेला कसा कळवेल? जिवंत आहेत त्यांनी हजेरी लावायची. थोड्या थोड्या वेळानं प्रत्येकानं मी आहे असं लिहून ठेवायचं. एकानं फक्त हजेरी बघत बसायचं. ज्याची हजेरी शिळी झाली तो गेला असं समजायचं आणि त्याच्या जागी दुसरा उभा करायचा." तू ओढणी खाली घेतलीस. माझ्याकडे बघत राहिलीस. रिक्षावाल्यानंसुद्धा आरशातून बघितलं.

दुसऱ्या दिवशी तू ते भरतभाईंना समजावून सांगितलंस. ते खूश. "सुवर्णाबेन, सरस आइडिया!" तू लगेच म्हणालीस, "मारो नथी, वैशालीनो छे." माझी नाही, वैशालीची आहे. आणि भरतभाई सगळ्यांकडे बघून काय म्हणाले? "जुओ, केटलुं मोटुं मन!" किती मोठं मन म्हणे! कल्पना माझी आहे हे सगळ्यांना कळलं, आणि त्यानंतरही कौतुक तुझंच झालं. सुवर्णे, तू माझं काही चोरलं असतंस तर मी तुझ्याशी सुखानं भांडले असते. तू देत राहिलीस, आणि दिलेलंही पुन्हा तुझ्याकडेच जात राहिलं.

हजेरी बघणारा तो वॉचमन तू बांधलास, हे मात्र कबूल. माझ्याकडून तो तसा झाला नसता. मला घाई. एखादा थ्रेड मेला नसेल, नुसता अडकून बसला असेल, तर त्याला बाहेरून मारून टाकावं आणि नवा बसवावा, असं मी म्हणायची. तू म्हणायचीस, "त्याच्या हातात खोलीची किल्ली असेल तर? किल्लीसकट मारलास तर बाकीचे सगळे दाराबाहेर उभे राहतील." त्याला आधी थांब म्हणून सांगायचं, हातातलं खाली ठेवू द्यायचं, मगच बाजूला करायचं. तू जिंकलीस, कारण तू बरोबर होतीस.

पण दुसरं भांडण राहिलं आहे, आणि त्यात मी जिंकत होते. किती वेळा? पडलेल्या थ्रेडच्या जागी किती वेळा नवा उभा करायचा? तू एक आकडा ठरवला होतास. तेवढे प्रयत्न करायचे, दर वेळी आधीपेक्षा जरा जास्त थांबून. तरी पडला तर वॉचमननं हात जोडायचे आणि माणसाच्या फोनवर घंटी वाजवायची. मला आकडाच मान्य नव्हता. लोचोच्या गाडीपाशी उभ्या राहून खाता खाता आपण भांडलो.

"वैशे, जो पुन्हा पुन्हा पडतो त्याला कुठेतरी काहीतरी दुखत असतं. उठवत काय राहतेस? माणसाला बोलाव, बघू दे त्याला."

"माणूस येईपर्यंत कापड मोजायचं राहतं."

"राहू दे थोडं."

"राहू दे काय? त्या मशीनवर भिकनकाका असते तर?"

चमचाभर लोचो तोंडात घातलास आणि वर जास्तीचं लोणी मागितलंस. मी म्हटलं, हरलीस. तू म्हणालीस, "तोंड भरलंय माझं, मग बोलते." ते तुझं 'मग' काही आलं नाही.

त्या डाळिंबांनंतर मी तुझ्याशी बोलणं टाकलं. तुझे मेसेज येत होते. "वैशे, रुसलीस का?" मी लिहिलं, काम आहे. "वैशे, हॉस्पिटलातली खिचडी तुझ्या खिचडीसारखीच कच्ची आहे." मी हसले, उत्तर दिलं नाही. ऑपरेशनच्या सकाळी आला तो शेवटचा, "आल्यावर बोलू." तो मी वाचला आणि फोन उलटा ठेवला. त्याबद्दल मला पश्चात्ताप व्हायला हवा असं सगळे म्हणतील. मला तो होत नाही. तू मला डावललंस असं मला वाटत होतं आणि तसं वाटत असताना गोड बोलणं मला कधी जमलं नाही, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

मी हॉस्पिटलात आले होते, एवढं तुला सांगायचं आहे. तुला आत नेण्याआधी आले होते. दारापर्यंत आले तर आत ध्रुवी तुझा हात धरून बसलेली. मी वळले आणि जिन्यापाशी पाण्याच्या मशीनजवळ उभी राहिले. आतबाहेर करणाऱ्या नर्सच्या तोंडून मला तिथेच सगळं कळत गेलं. ऑपरेशन झालं, पण तुझं हृदय पुन्हा चालायला तयार होईना. त्यांनी ते चालू करायचा प्रयत्न केला, पुन्हा केला, पुन्हा केला. मग त्यांच्याकडेही कुठलातरी आकडा असणार, तिथे ते थांबले आणि बाहेर येऊन त्यांनी माणसांना बोलावलं. मला त्या डॉक्टरची गचांडी धरून ओरडायचं होतं, थांबता काय, पुन्हा करा! मी तिथे उभी राहून तुझ्याशीच भांडत होते. बघ, हा तुझा नियम, बघ काय होतं त्यानं.

आता मधल्या काळात काय झालं ते ऐक, कारण त्याच्यासाठीच हे लिहायला बसले आहे.

ध्रुवीला वॉचमन झेपेना. कडोदऱ्याच्या शेडमधून रोज फोन. ती एकेक ओळ वाचायची, पुसायची, पुन्हा लिहायची. मी शेजारच्या टेबलावरून बघत होते आणि हाताची घडी सोडत नव्हते. मला बरं वाटत होतं. दिलंस ना तिला, आता बघ, असं मी तुला मनात म्हणत होते. तू बघायला नाहीस हे दर वेळी नंतर आठवायचं.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती माझ्या टेबलापाशी आली. डबा हातात, उघडलेला नाही. मला वाटलं, मदत मागायला आली. मी तोंड घट्ट करून बसले. तर ती माझ्यावरच भडकली.

"तमने खबर छे ए मने शुं कहीने गई?" तुम्हाला माहीत आहे ती मला काय सांगून गेली? तिचे डोळे भरले होते. "में पूछ्युं, मने केम? मने तो हजी आवडतुं पण नथी. तो हसीने कहे, तुं धीमी छे ने, एटले ज तने आपुं छुं." मला का, मला तर अजून येतही नाही, असं हिनं विचारलं, तर तू हसून म्हणालीस, तू हळू आहेस, म्हणून तर तुला देतेय. "कोई आवुं कहे? में पूछ्युं, तो वैशालीबेनने आपो ने. तो वधारे हसी. कहे, एने आपीश तो मने पाछी कोण लेशे?"

वैशालीला दिलं तर मला परत कोण घेईल?

माझ्या हातात घास होता, तो तसाच डब्यात पडला. ध्रुवी बोलतच होती. की ऑफिसात दिवसभर तुझ्या तोंडी वैशाली आम करे, वैशाली तेम करे, ऐकून ऐकून तिचे कान किटले होते. की ती तुझ्यासाठी एवढं धावली, तुझ्या उशाशी बसली, आणि तू तिला काय दिलंस, तर धीमी म्हणालीस. की तिला माझा राग येतो. शेवटचं तिनं हिंदीत सांगितलं, बहुधा मला नीट कळावं म्हणून.

त्या पोरीनं शेडमध्ये कधी पाऊल ठेवलेलं नाही. तिला बदली म्हणजे काय ते ठाऊक नाही. ऑफिसात त्याला बदली म्हणतही नाहीत, हँडओव्हर म्हणतात, आणि तो सगळ्यांत हुशार माणसाला देतात असं मी धरून चालले होते. भिकनकाकांची पोर काम सोपवून निघाली आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. त्या एका वाक्याचा अर्थ कळणाऱ्या त्या ऑफिसात दोघीच होत्या. त्यातली एक हार घालून भिंतीवर, आणि दुसरी डबा उघडा टाकून बाथरूमकडे पळाली.

आधी मी काय केलं माहीत आहे? हसले. आरशात बघून हसले. तुला माझी भीती होती! इतकी वर्षं मी जळत राहिले, आणि तू तुझी जागा माझ्यापासून जपत होतीस. आबांना जे कधी कुणी म्हटलं नाही ते तू मला म्हणालीस. माझा हात तेज आहे, असं भिकनकाकांची मुलगी सांगून गेली. मला ते ओरडून गल्लीभर सांगावंसं वाटलं.

आणि मग दुसरी गोष्ट कळली. हळू हाताची बदली तोच ठेवतो ज्याला परत यायचं असतं. तू परत येणार होतीस. तुझ्या मनात शंकाच नव्हती. आल्यावर बोलू, असं तू उगीच लिहिलं नव्हतंस. इतके दिवस जे आलं नव्हतं ते रडू तिथे, ऑफिसच्या बाथरूममध्ये आलं. बाहेरून ध्रुवी दार ठोठावत होती, "वैशालीबेन, सॉरी, सॉरी." मी दार उघडलं आणि तिला मिठी मारली. तिला वाटलं, मी तिला माफ केलं. माफ वगैरे काही केलेलं नाही, माझ्या खिचडीचा तो विनोद तू तिलाही सांगितला होतास का, ते आधी मला कळायला हवं.

परवा भरतभाईंनी बोलावलं. "वैशालीबेन, हवे तमे ज लई लो वॉचमन. कायम माटे." आता तुम्हीच घ्या, कायमचं. किती वर्षं मी हे वाक्य ऐकायची वाट पाहिली होती. मी म्हटलं, घेते, पण बदली म्हणून. त्यांना कळलं नाही. "कोनी बदली?" मी तुझं नाव सांगितलं. ते म्हणाले, जशी तुमची मर्जी.

आज सकाळी तुझ्या खुर्चीवर बसले. ध्रुवीला शेजारी बसवलं आहे, ती शिकतेय. हळू शिकतेय. घंटीचा नंबर मी माझा टाकला आहे, तेवढं करावंच लागलं, तुझा फोन आता कोण उचलणार? कडोदऱ्याहून एकदा वाजली. मी पर्स उचलून निघाले. माणसाला बोलव म्हणायचीस ना, तर माणूस हजर आहे.

तिथून परत आल्यावर मी ती ओळ उघडली, ज्यात तुझा आकडा आहे. किती वेळा, तो. ध्रुवी घरी गेली होती, समोर कोणी नव्हतं. भांडायलाही कोणी नव्हतं. एक आकडा पुसायचा, आणि मी जिंकले. माझं बोट त्या बटणावर बराच वेळ होतं. ते खाली गेलं नाही. मग मी पाण्याची बाटली डावीकडे सरकवली, जिथे तू ठेवायचीस तिथे. मला उजवीकडे सोयीची आहे.

आकडा तसाच ठेवला आहे, सुवर्णा. तो चुकीचा आहे, मी मरेपर्यंत म्हणेन की तो चुकीचा आहे. पण मशीन तुझं आहे.